‘आपल्या अर्जाचं उत्तर’

राजधानीतल्या द्वारका उपनगरातल्या सायबर कॅफेत ते गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. मेल पाठवण्याआधी मॉनिटरला हात लावून तो कपाळाला लावत, दुकानदार सकाळी गल्ल्याला करतो तसा नमस्कार. मी पुण्याहून वकिलीची पदवी घेऊन नोकरी शोधायला आले होते.

एके दिवशी मेल आली: ‘आपल्या अर्जाचं उत्तर’. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. उघडली, तर टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात!

शेजारून आवाज आला, "खोल लिया न, बेटा? बस, लोग खोलें, इतना ही चाहिए."

त्यांच्या स्क्रीनवर तेच शीर्षक होतं आणि खाली पत्त्यांची लांबच लांब रांग. मी भडकलेच. "ये तो धोखा है! मैं केस करूँगी!"

"किस क़ानून में?" त्यांनी शांतपणे विचारलं. "हमने वकील से पूछ लिया है. अभी बना ही नहीं."

इतकी वर्षं कायदा शिकले, पण मला एकही कलम आठवेना. मी पुढच्या कंपनीला अर्ज लिहिला. पाठवणार, तोच त्यांनी हात लांब करून माझ्या मॉनिटरला लावला आणि कपाळाला नेला. अगदी मनापासून.