दाजींचं एमबीए

मी मॅनेजमेंटचा प्राध्यापक आहे आणि आजवर एकच धंदा बंद पाडला आहे. तो माझ्या सख्ख्या बहिणीचा होता.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात दर उन्हाळ्यात प्राध्यापकांनीच विद्यार्थी शोधून आणायचे असतात. (शिकवायचं उरलेल्या वेळात.) त्या वर्षी मला एक कमी पडला. संचालक कडाडले, "सर, एक ॲडमिशन आणा, नाहीतर राजीनामा आणा!"

मी थेट निलंगा गाठलं. बसस्टँडसमोर अक्का-दाजींचं हॉटेल. रफीकचाचांच्या भज्यांपायी लोक एसटी सोडून देत! दाजी बी.कॉम., वय पंचेचाळीस. शनिवार-रविवारच्या वर्गाचा अर्ज मीच भरला, सही तेवढी त्यांची घेतली. अक्काला सांगितलं, "दाजींनीच हट्ट धरला!"

वाटलं, दाजी वर्गात झोपा काढतील. छे! पहिल्या बाकावर बसून ते माझा शब्दन् शब्द उतरवू लागले. (असला विद्यार्थी मी कधी पाहिलाच नव्हता. घाबरलोच!) आणि सोमवारी ते सगळं हॉटेलात राबवू लागले. वडिलांचा फोटो उतरवून तिथं 'आमचं ध्येय' टांगलं. चहाआधी गिऱ्हाइकाला अभिप्रायाचा फॉर्म! शेवटी चाचांची मुलाखत:

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"हितंच, कढईम्होरं!"

"उत्तर चुकलं, चाचा."

चाचांनी झारा ठेवला, टोपी घातली आणि चालते झाले. महिन्याभरात हॉटेलला कुलूप.

"चांगलं चाललं हुतं! तुमाला कुठून शाळेची हौस आली?" अक्का दाजींवर तुटून पडली. दाजींनी फक्त माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

अक्कानं चाचांना हातापाया पडून परत आणलं, हॉटेल उघडलं. दाजींना मात्र भांड्यांवर बसवलं. दोन वर्षं!

यंदा पुन्हा एक विद्यार्थी कमी पडला. निलंग्यात उतरलो, तर दाजी राखेनं कढई घासत होते. बघवेना.

"अक्के, हट्ट दाजींचा नव्हता. माझी नोकरी जात होती. मीच..."

"मुडद्या! ह्या माणसाला दोन साल शिव्या घातल्या मी! तवा वाचा बसली होती का तुझी?"

"अन् बगलेत काय आणलंय, ते इचार," दाजी म्हणाले.

कॉलेजची माहितीपत्रकं! अक्कानं गठ्ठाच हिसकावला, वरचं टर्रकन फाडलं आणि त्यात भजी बांधून गिऱ्हाइकाला दिली.

गिऱ्हाइकानं पुडी उलटीपालटी केली. "अक्का, ह्यो कागद नगं. नुसता चकचकीत हाय, कामाचा न्हाई."

कागदावर माझाच फोटो होता.