आईला मागायला आलेली माणसं

माझे आईवडील मिशनरी होते. गोरे साहेब वगैरे नव्हेत, बडोद्याच्याच मराठी ख्रिस्ती घरांतले. पप्पा रेल्वेत कारकून होते, आई नर्स होती. लग्नानंतर दोघं छोटा उदेपूरच्या पुढे, जंगलातल्या एका राठवा आदिवासींच्या गावात गेले आणि तिथलेच झाले. माझा जन्म तिथला.

चर्चमधली माणसं अजून मला विचारतात, वाघ यायचा का? मी सांगते, आमच्याकडे माणसं यायची. सकाळी दार उघडण्याआधीच ओटीवर कुणीतरी उकिडवं बसलेलं असायचं. आई चुलीवर खिचडी ठेवून कुणाच्या डोळ्यांत थेंब टाकायची, कुणाचं गळू फोडायची. पप्पा सायकलवरून पाड्यांवर जायचे. प्रभूची गाणी शिकवायला म्हणून निघायचे, पण बहुतेक वेळ लोकांचे अर्ज लिहिण्यात जायचा. आम्ही जेवायला बसलो की दोनतीन जण उंबऱ्यात बसून आमच्याकडे बघत राहायचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. आईला आणि पप्पांनाही वाटत नसे. मला वाटायचं.

घरात माझी एक खाट होती, पप्पांनी सुंभाने विणलेली. नावाला माझी. बाळंतीण आली, तापाचं पोर आलं की आई म्हणायची, "बाळ, जरा ऊठ." मग मी मक्याच्या पोत्यांशेजारी गोधडी टाकायची. एकदा मी चिडून विचारलं, "यांच्या घरी खाट नसते का?"

"असते. पण तिथे मी नसते," आई म्हणाली.

शाळेचं वय झालं तसं मला बडोद्याला होस्टेलवर ठेवलं. आई भेटायला यायची तेव्हा तिच्याबरोबर मोठ्या दवाखान्यात दाखवायचा एखादा पेशंट असायचाच. ती माझ्यासाठी येते की त्याच्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे मी माझं माझं बघितलं. जुने बंगले पाडले की त्यांची सागवानी दारं-खिडक्या उचलायची, पॉलिश करून विकायची. बडोद्यातच फतेगंजला माझी वखार आहे. या धंद्यात बाई मी एकटीच, आणि माझ्याशी भाव करताना लोक आधी दीर्घ श्वास घेतात असं ऐकते.

पप्पा गेले, त्यांना तिथेच पुरलं. आईचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून मी तिला गोत्रीच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. मला वाटलं, आता ती माझी.

यंदाच्या दिवाळीनंतर एका सकाळी गावाहून दोघं आली. एक गावचा म्हातारा पटेल, म्हणजे तिकडचा पाटील, आणि एक माझ्याहून लहान बाई. सोफा सोडून दोघं खाली बसली. मी पाणी दिलं. त्यांनी पेले बाजूला सरकवून ठेवले. तेव्हाच मी ओळखलं. तिकडे मुलीला मागायला आलेली माणसं उत्तर मिळेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाहीत.

"मोटीबेनला न्यायला आलो," पटेल म्हणाला. तिकडे सगळे आईला मोटीबेन, म्हणजे मोठी बहीण, म्हणतात. बोलणं गुजरातीत चाललं होतं.

"कशाला? आता सरकारी दवाखाना आहे तुमच्याकडे."

"दवाखान्यासाठी नाही."

"मग काय काम आहे तिचं?"

"काम काही नाही. बसेल. घराची कौलं चाळून ठेवली आहेत. दर साल चाळतो."

माझं डोकं फिरलं. "तिच्याकडून सगळं करून घेतलंत. आता गुडघे गेले तर परत नेता?"

"गुडघे आमच्याकडेच गेले ना," ती बाई शांतपणे म्हणाली. "मग आम्हीच उचलू."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आवाज खाली कर. ती तुझ्याच खाटेवर जन्मलीय."

"म्हणूनच एवढं तोंड चालतंय," मी म्हणाले.

मग मी गप्प बसले. वखारीत जो आधी बोलतो त्याचं नुकसान होतं. पण ती दोघंही गप्प बसली, आणि त्यांना गप्प बसायची माझ्यापेक्षा चांगली सवय होती. शेवटी मी उठून म्हणाले, "मला कामं आहेत, मी निघते." गिऱ्हाईक यावर हमखास नरमतं.

"जा," पटेल म्हणाला. "आम्ही बसलोय."

घर माझं. जाणार कुठे? मी परत बसले. "तुम्हाला इथे यायला सांगितलं कुणी?"

दोघांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "मी फोन केला."

"जायचं होतं तर मला सांगायचंस!"

"कितीदा सांगितलं. दरवेळी तू दुसरंच काहीतरी देऊ करतेस. एसी लावते, बाई ठेवते, वासण्याला मोठं घर बघते. तुझ्याशी भाव करणं मला जमत नाही, म्हणून माणसं बोलावली."

पटेल जमिनीकडे बघून हसत होता.

"इथे काय कमी आहे तुला?"

"इथे मी दिवसभर कुणी येतंय का ते बघते. तिथे दाराशी कुणीतरी बसलेलं असतं."

यावर देऊ करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी पटेलाकडे वळले. "पावसाळा माझा. ओढ्याला पाणी आलं की तुमच्याकडे गाडी पोचत नाही. पाणी यायच्या आत तिला इथे आणून सोडायचं. दिवाळीपर्यंत ती इथे राहील."

त्याने बाईकडे बघितलं, मान हलवली. "चालेल." दोघांनी पाणी पिऊन टाकलं. एवढ्या झटपट हो आलं की मला बरं वाटेना. वखारीत असं झालं तर मी समजते, माझं काहीतरी चुकलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी जीप उभी होती. मी आईला आधार देऊन आत बसवलं. ती साडी सावरत म्हणाली, "मला वाटलं, नाताळ मागशील."

"काय?"

"त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं, ती नाताळ मागेल, देऊन टाका."

"मग काल बोलली का नाहीस?"

"भाव तू करत होतीस."

जीप गेली. मी वर येऊन तिची चादर धुवायला टाकली आणि वखारीत गेले.

आता डिसेंबर लागला आहे. एकदा ठरलेलं पुन्हा उकरायचं नाही हा माझ्या धंद्यातला नियम आहे, आणि तो मी इतरांना फार ऐकवला आहे. मी अजून फोन केलेला नाही. तिनेही केलेला नाही.