दादाचा अबोला आणि लोखंडी कडी

खाडीवर सगळे तिला पाटीवाली म्हणतात. शिंपल्या कुठे काढायच्या आणि कुठे नाही, याच्या पाट्या तीच ठोकते, नोकरीच तशी. पोटरीभर चिखलात उभी राहून हातोडा चालवणारी ही बाई घरी मात्र एका माणसाला टरकून असते. तो तिचा थोरला भाऊ. आईबापांमागे त्यानेच तिला शिंपल्या विकून वाढवलं, आणि हिने बंदी घातली ती नेमकी तो शिंपल्या काढायचा त्याच किनाऱ्याच्या पट्ट्यावर.

घालणार नाही तर काय करणार? सगळ्यांनी मिळून तो पट्टा पार ओरबाडला होता, हाती नुसती नखाएवढी पिल्लं लागत होती. पण दादाला परक्या बोटीवर राबायला जावं लागलं, आणि राग तर त्याच्या नाकावरच असतो. त्याने जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. दोन वर्षं अबोला! समोर बसून जेवायचा आणि बायकोला सांगायचा, तिला म्हणावं मीठ सरकव. वहिनी वैतागून विचारायची, माझं लग्न झालंय की टपाल खात्यात नोकरी लागलीय? पाटीवाली हसायची खरी, पण आतून तिला ते फार लागायचं.

यंदा पाहणीत शिंपल्या चांगल्या भरलेल्या निघाल्या आणि पट्टा खुला झाला. अट एकच: प्रत्येकाने मापाची लोखंडी कडी जवळ ठेवायची, तिच्यातून जी शिंपली आरपार जाईल, ती परत वाळूत. ओहोटी लागली तशी सगळी खाडी लोटली. दादाही टोपली घेऊन आला, तिच्याकडे न बघता. पहिली मूठ वर आली तेव्हा त्याचा चेहरा असा काही खुलला की पाटीवालीला राहवेना. ती त्याच्या शेजारी वाकली आणि लहानपणीसारखी भराभर उपसून त्याच्या टोपलीत टाकू लागली. कडी कमरेलाच लटकत राहिली.

दादाचा हात थांबला. तिने टाकलेली एक शिंपली उचलून त्याने आपल्या कडीत धरली. सुळकन आरपार.

"बुटके," तो म्हणाला. या नावाने तिला हाक मारणारा जगात तो एकटाच. "ही लहान आहे. टाक परत."

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. पाटीवालीने मुकाट्याने शिंपली वाळूत खोचली आणि मान वर केलीच नाही. डोळे भरून आले होते आणि चिखलाच्या हातांनी पुसायची सोय नव्हती.

"आणि ती कडी काय शोभेला बांधलीस?"

दादाचं तोंड एकदाचं सुरू झालं ते थांबेना. पलीकडे वहिनीने टोपली खाली ठेवली आणि कंबर सरळ केली. तिची टपालातली नोकरी सुटली होती.