चार रॉड, चार टोप्या

एकाहत्तर साली, लढाई तोंडावर आली असताना, जबलपुरात आमच्या ओळखीच्या मराठी घरांत दोनच प्रकारची माणसं होती: कारखान्यात असलेली आणि कारखान्यात चिकटू पाहणारी. माझा दादा या दोन्हींत बसत नव्हता. त्याची टॅक्सी होती. जुनी, चार सिलिंडरची विलायती गाडी. सकाळी मदन महल स्टेशनापासून शहपुऱ्याला सवाऱ्या न्यायच्या, संध्याकाळी परत आणायच्या, हा त्याचा धंदा. मास्तर, पटवारी, बाजारकरी, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेल्या बाया, सगळे त्याच्या ओळखीचे. कोणाची गाय व्याली आणि कोणाचा जावई रुसला, हे आमच्या घरी त्या त्या घराच्या आधी कळायचं.

मी लष्करी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतो. तयार भाग माझ्या टेबलावर यायचे, मी मोजायचो आणि पास किंवा नापास करायचो. ही सवय घरीही सुटली नव्हती. बायकोची पोळी एका बाजूला जाड असली तर तेही मी सांगायचो, आणि त्याची फळं भोगायचो.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. शहपुऱ्याच्या वाटेवर दादाच्या गाडीच्या पाण्याचा पाइप फुटला. गाडीत नवऱ्या मुलीचे मामा बसलेले आणि मुहूर्त जवळ आलेला. दादाने गाडी थांबवली नाही. मामा वेळेवर पोचले, पण पाण्यावाचून तापून इंजिनाचा ओतीव ब्लॉक तडकला. दुरुस्त होण्यासारखा तो राहिला नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्याकडे कच्ची भरती निघाली, आधी तात्पुरती आणि पुढे कायम होणारी. मी दादाला न विचारता त्याचं नाव देऊन आलो. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी फाटकावर हजर व्हायचं होतं. दादाला सांगितलं तेव्हा तो बॉनेट उघडून ब्लॉकचा तडा पुन्हा एकदा बघून आला. मग म्हणाला, "सोमवारपर्यंत इंजिन झालं तर मी गाडी चालवीन. नाही झालं तर येतो तुझ्या फाटकावर. चलो, ठरलं."

वडील गेल्यावर मला त्यानेच शिकवलं होतं, ट्रक चालवून. त्यामुळे इंजिन मी करून देतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्याने नोकरीत यावं असंच मला मनातून वाटत होतं. पक्का पगार, क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन. एक भाऊ सरकारी नोकर आणि दुसरा स्टेशनवर "शहपुरा, शहपुरा" ओरडतो, याची मला थोडी लाजही वाटायची.

घमापुरच्या एका कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, तसलंच इंजिन आहे असं कळलं, म्हणून आम्ही दोघं गेलो. इंजिनावरची नंबरची पट्टी गायब होती. कबाडी म्हणाला, "वही इंजन है भैया, आँख मूँदकर ले जाओ."

"आँख मूँदने की तनख्वाह नहीं मिलती मुझे," मी म्हणालो आणि तारेचा ब्रश काढला.

दादाच्या गाडीच्या ब्लॉकवर ओतकामातच उठवलेला एक आकडा आणि शेवटी एक अक्षर होतं, ते मी लिहून आणलं होतं. इथे चिखल आणि ग्रीस खरवडल्यावर तोच आकडा निघाला, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. एका अक्षराने गाडीचं इंजिन पाण्याच्या पंपाचं होऊ शकतं, म्हणून मी सिलिंडरचं भोक मोजलं. मग वहिनीच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. त्यावर जुन्या इंजिनाच्या मागच्या बाजूची भोकं गिरवून कापून आणली होती. पुठ्ठा या इंजिनाला लावला तर सगळी भोकं जुळली. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली आणि वाट बघितली. तडा असता तर आतलं रॉकेल बाहेर येऊन पुडीत ओली रेघ उठली असती. रेघ उठली नाही. मी इंजिन पास केलं. कबाडी दादाला म्हणाला, "आपके भाई ने शादी भी ऐसे ही देखभाल के की थी क्या?" परत येताना दादा वाटभर हसत होता.

अंगणात इंजिन उघडलं. माझी दुसरी पाळी होती, त्यामुळे सकाळ मोकळी मिळायची. त्या दिवसांत मी फार आनंदात होतो, हे कबूल केलं पाहिजे. कारखान्यात वर्षानुवर्षं मी सुटे भाग मोजले होते, अख्खं इंजिन कधी स्वतःच्या हाताने जोडलं नव्हतं. दादा म्हणाला, "मी हात लावू का?" मी म्हणालो, "तू चहा पी." चारही पिस्टन, त्यांचे रॉड, रॉडच्या खालच्या टोकाला दोन बोल्टांनी बसणाऱ्या अर्धगोल टोप्या, सगळं सुटं करून रॉकेलच्या एका टबात टाकलं, कारखान्यात टाकतात तसं. घासून असं चकचकीत केलं की वहिनी म्हणाली, देवाची भांडी पण तुम्हीच घासत जा भाऊजी.

नव्या रिंगा, नवी बेअरिंगं आणली. शुक्रवारी सकाळी रॉड बसवले, टोप्या आवळल्या आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, चढवण्याआधी इंजिन हाताने फिरवून बघायला गेलो. ते तसूभरही हललं नाही. दादाने लांब पाना लावून जोर केला. तरी नाही.

मला क्षणभर बरं वाटलं. आता दादा सोमवारी फाटकावर येणार, असं मनात आलं. मग त्या बरं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

दादाने विचारलं, "टोप्या कोणत्या कोणाच्या होत्या?"

"कोणाच्या म्हणजे? चारही सारख्याच आहेत."

"खुणा काहून नाही केल्या?"

कारखान्यात रॉड आणि टोपी यांच्या जोड्या नंबर ठोकूनच माझ्या टेबलावर यायच्या. तो नंबर कोणी आणि कशासाठी ठोकतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. या इंजिनावरचे नंबर कोण्या मिस्त्रीने कधीच कानशीने साफ केले होते, आणि जे उरलं असेल ते मी घासून घालवलं होतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

दादा चिडला नाही. पेटीवर बसला आणि म्हणाला, "अरे, रॉड आणि टोपी जोडून मग भोक पाडतात. एकमेकांच्या संगतीनं इतकी वर्षं झिजली ती. दुसऱ्याच्या घरी कशी नांदतील? तुमच्या कारखान्यात चालतं का असं, कोणाची बायको कोणाच्याही घरी?"

चार रॉड, चार टोप्या, प्रत्येक टोपी दोन बाजूंनी बसणारी. बत्तीस प्रकार. टोपी दुसऱ्याची असली तर भोकाच्या आत, सांध्यावर, बारीक पायरी पडते. ती माझ्या मापाच्या साधनांना दिसत नव्हती आणि आमच्या राठ बोटांना लागत नव्हती. दादाने वहिनीला हाक मारली. वहिनी लग्नकार्यांसाठी गव्हले वळायची, तांदळाच्या दाण्याहून बारीक. तिची बोटं शहरातल्या मराठी घरांत प्रसिद्ध होती.

ती हात धुऊन आली. दादा टोपी आवळून रॉड तिच्या हातात द्यायचा. ती डोळे मिटून भोकातून नख फिरवायची. "अडतं." पुढची. "अडतं." पुढची. "इथं एका बाजूला अडतं, दुसऱ्या बाजूला नाही." मी कागदावर लिहीत होतो, तेवढंच काम माझ्याकडे उरलं होतं. शनिवारी सकाळी, जेवणाच्या आधी, चौथ्या रॉडच्या भोकातूनही नख सरळ गेलं. ती म्हणाली, "ही ह्याची."

दादा बोल्ट आणायला आत गेला तेव्हा तिला मी हळूच विचारलं, "वहिनी, नोकरी लागली असती तर तुम्हालाच बरं झालं असतं ना?"

"बरं झालंच असतं," ती म्हणाली. "पण घरी येऊन ते कोणाबद्दल बोलले असते, भाऊजी?"

दादाने प्रत्येक जोडीवर छिन्नीने खूण ठोकली आणि शनिवारी मी पाळीवर असताना सगळं परत बसवलं. रविवारी निंबाच्या फांदीला चेनपुली बांधून आम्ही इंजिन गाडीत उतरवलं. दिवेलागणीला ते तिसऱ्या हँडलला सुरू झालं. आधी धूर, मग खोकला, मग एकसारखा आवाज. दादाने बॉनेटवर हात ठेवला. वहिनीने गाडीला कुंकू लावलं. मला रडू आलं, आणि धुराने आलं असं मी सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

सोमवारपासून माझी पहिली पाळी. मी सायकलवरून फाटकावर पोचलो तेव्हा भरतीची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. बाबू यादी वाचत होता. दादाचं नाव त्याने दोनदा पुकारलं, मग मला बघून विचारलं, "आपके भाई साहब नहीं आए?"

रांगेतले दहापाच जण माझ्याकडे वळून बघू लागले. तोवर दादाबद्दल कोणी विचारलं की मी चाचरत, आवाज खाली आणून, गाडी चलाते हैं, असं सांगायचो. त्या सकाळी मी सायकलवरून उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नहीं आएँगे. काम पर गए हैं."