तोंडाचा धंदा

मुर्रीचे मालगुजार ईश्वरदास यांनी १९३४ साली धाकट्या घनश्यामला बॅरिस्टर व्हायला विलायतेस धाडलं. त्याच दिवसापासून ते गावाकडून ‘बॅरिस्टरचे बाबूजी’ म्हणवून घेऊ लागले. पोरगा मात्र दाताचा डॉक्टर होऊन परतला.

“काऊन रे, वकिलीचं काय झालं?”

“कायदा वाचला का झोप येत होती, बाबूजी.”

“गावाले सांगू नोको. दोन्ही तोंडाचेच धंदे हायेत.”

घरावर बॅरिस्टरची पाटी लागली. लोक बांधाचे तंटे सांगत, घनश्याम त्यांचे किडके दात न्याहाळत बसे. पुढे ईश्वरदासांचीच दाढ ठणकली. गावात बोभाटा होईल म्हणून त्यांनी पोराला दाढेला हात लावू दिला नाही. सुजलेला गाल उपरण्यात बांधून ते आगगाडीने नागपूरच्या दंतवैद्याकडे गेले. स्टेशनावर पोचवायला घनश्यामच गेला होता.