अठ्ठावन्नच बसगाड्या

वेलांटीबाईंचं खरं नाव पगाराच्या पावतीवर तेवढं असायचं. एका दैनिकात त्यांनी एकतीस वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं. म्हणजे पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या. शिपायापासून संपादकापर्यंत सगळे त्यांना वेलांटीबाईच म्हणत. पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी पडलेली असली, की ती त्यांच्या डोळ्यात कुसळासारखी खुपायची.

मग मालकांना वाटलं, हे काम आता संगणक करतोच की. एका सोमवारी मुद्रितशोधकांची खोली रिकामी झाली आणि तिथे कॉफीचं यंत्र आलं. बाईंना एक पुष्पगुच्छ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि संपादकांचं भाषण ऐकायला मिळालं. भाषणात दोन चुका होत्या. पण निरोपाच्या दिवशी कशाला, म्हणून बाई गप्प बसल्या.

हात मात्र गप्प बसेनात. रोज सकाळी चार पेपर आणि लाल पेन घेऊन त्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसत. वेलांट्या चुकत होत्याच, पण आता त्यांना त्याहून मोठ्या चुका दिसू लागल्या. मथळा पूर्वेला, तर खालचा मजकूर पश्चिमेला. मंत्री बोलले ते पहिल्या पानावर आणि ते खोटं निघालं ते अकराव्या पानावर, तेही औषधाच्या जाहिरातीखाली. बाईंनी संपादकांना पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही.

त्यांची धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून तिची हयात गेली होती, आणि समोरच्याचा आवाज ऐकून तो खरं बोलतोय की थापा मारतोय हे आपल्याला कळतं, असा तिचा दावा होता. रोज सकाळी चहाबरोबर वेलांटीबाईंचा संताप ऐकून ऐकून तिचे कान किटले.

"वहिनी, हे मला एकटीला ऐकवून काय होणार?" ती एक दिवस म्हणाली. "पॉडकास्ट करा. मी शिकवते."

तिलाही येत नव्हतंच, पण महिनाभरात ती शिकली. खाली वेलांटीबाईंचे यजमान दिवसभर टीव्हीवरच्या चर्चा लावून बसत, आणि त्या चर्चांमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात. म्हणून जावेच्या अडगळीच्या खोलीत जुन्या गाद्या भिंतींना उभ्या लावल्या आणि इस्त्रीच्या टेबलावर माईक ठेवला. जाऊ कानाला हेडफोन लावून समोर बसायची. बाई तावातावाने बोलायला लागल्या की ती तळहात खाली करून दाखवायची. ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे तिला खात्यातल्या नोकरीने शिकवलं होतं.

कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'दुसरं वाचन'. आठवड्याला एक भाग. त्यात आठवड्याची एक मोठी बातमी घ्यायची आणि ती कुठून आली, कुणी सांगितली, कुणाला विचारलंच नाही, हे उलगडून दाखवायचं. जाहिरात घ्यायची नाही. ज्याला ऐकून काही मिळालं असं वाटेल, त्याने महिन्याला एका कप चहाइतके पैसे पाठवावेत. आणि भागाची सुरुवात नेहमी मागच्या भागात झालेल्या स्वतःच्या चुकीने करायची.

पहिल्या महिन्यात एकोणीस जणांनी ऐकलं, त्यातले बारा नातेवाईक. दोन वर्षांत ऐकणारे चार हजार झाले, आणि चहा पाजणारेही तीनशेच्या वर गेले. निवृत्त शिक्षक, परिचारिका, दुकानदार, एक दंतवैद्य. बाईंना वाटायचं, पुष्कळ झालं.

मग ती बसची बातमी आली.

शहरातले चौदा बसमार्ग एकाएकी बंद झाले होते. लोक थांब्यांवर ताटकळत होते, शिव्या देत होते. एका सकाळी चारही पेपरांत पहिल्या पानावर छापून आलं, की एकशे सदतीस चालकांच्या बेशिस्तीमुळे आणि गैरहाजेरीमुळे ही वेळ आली आहे. परिवहनमंत्री कडक कारवाई करणार. त्रेचाळीस चालक निलंबित झालेसुद्धा.

वेलांटीबाईंचं पेन पहिल्या पेपरवर थांबलं. गैरहाजेरी? शब्द आहे गैरहजेरी. त्यांनी 'हा'चा काना खोडला आणि दुसरा पेपर उघडला. तिथेही गैरहाजेरी. तिसऱ्यात तेच. चौथ्यात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या जुन्या दैनिकात, तेच. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून टीव्हीवरची निवेदिका ठणठणीत आवाजात म्हणाली, "चालकांच्या गैरहाजेरीमुळे..."

बाई उठून उभ्या राहिल्या. पाच जणांनी पाच ठिकाणी बसून एकच चूक करणं शक्य नव्हतं. चूक एकाच माणसाने केली होती, आणि तो माणूस कुठल्याही पेपरात कामाला नव्हता. मंत्र्यांच्या कार्यालयातून आलेला कागद सगळ्यांनी जसाच्या तसा छापला होता. आगारात जाऊन चालकांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या आठवड्याच्या भागात त्यांनी चारही बातम्या एकापाठोपाठ एक वाचून दाखवल्या. कुठलीही टीका नाही, नुसतं वाचन. एकच वाक्य चारदा ऐकल्यावर ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळलं. शेवटी त्या म्हणाल्या, की चालक खरंच कामावर नव्हते का, ते मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याने मला सांगावं.

तीन दिवसांनी एक पाकीट आलं. पाठवणारा आगारात हजेरीपट लिहिणारा कारकून होता आणि त्याने नाव न सांगण्याची विनंती केली होती. त्याने लिहिलं होतं, की त्या दिवशी सगळ्या आगारांत मिळून अकरा चालक रजेवर होते. चालक हजर होते, गाड्याच नव्हत्या. वर्षभर टायर आणि ब्रेकचे भाग खरेदीच झाले नव्हते. वर्कशॉपच्या मागे येऊन बघा.

दोघी जावा गेल्या. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला एक शाळा होती. तिच्या गच्चीवरून सगळं दिसत होतं, आणि शाळेची मुख्याध्यापिका 'दुसरं वाचन' ऐकणारी निघाली. खाली रांगांमध्ये बसगाड्या उभ्या होत्या, काही लाकडी ठोकळ्यांवर, चाकं काढलेल्या. वेलांटीबाईंनी दोनदा मोजल्या. साठ. जाऊ म्हणाली, माझ्याही साठच.

तो भाग त्यांनी शुक्रवारी प्रसिद्ध केला आणि सोमवारी परिवहन खात्याच्या वकिलाची नोटीस दारात आली. खोटी माहिती पसरवल्याबद्दल आठ दिवसांत माफी मागा, भाग काढून टाका, नाहीतर खटला. वेलांटीबाईंनी नोटीस दोनदा वाचली. घर त्यांच्या आणि यजमानांच्या नावावर होतं, आणि आयुष्यात त्यांनी कोर्टाची पायरी पाहिलेली नव्हती.

यजमानांनी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि चपला घालून बाहेर पडले. सरकारी मोजणी खात्यात त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. टीव्हीवर त्यांचा विश्वास होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या डोळ्यांवर होता. दुपारी ते घामाने भिजून परत आले. हातात जुनी मोजणीची वही होती.

"अठ्ठावन्न आहेत," ते म्हणाले. "दोन गाड्या कोपऱ्यात धुवायला लावल्या होत्या, त्याही तुम्ही धरल्यात. त्या रोज रस्त्यावर जातात. मी तिथल्या मेकॅनिकला विचारून आलो."

जाऊ म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. साठ काय आणि अठ्ठावन्न काय, गाड्या उभ्या आहेत हे तर खरं ना? वकिलाची नोटीस डोक्यावर असताना आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, हे कुठलं शहाणपण? कोण जातंय मोजायला?

"हे गेले ना," वेलांटीबाई म्हणाल्या. "आणि मोजून आलेत. आता मला माहीत आहे. माहीत असून गप्प बसले, तर मी त्या चार पेपरांना काय म्हणून बोलू?"

जावेने कपाळाला हात लावला आणि माईक चालू केला.

पुढच्या भागाच्या सुरुवातीला वेलांटीबाई म्हणाल्या, मागच्या भागात मी बंद गाड्या साठ सांगितल्या, त्या अठ्ठावन्न आहेत; दोन मी चुकून जास्त मोजल्या, त्याबद्दल श्रोत्यांची आणि परिवहन खात्याची माफी मागते. एवढं सांगून त्या पुढे गेल्या. रेकॉर्डिंग संपल्यावर त्या एक तास गादीला टेकून बसून राहिल्या. आता आपली खैर नाही, असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी टीव्हीवर त्यांच्याच नावाने चर्चा रंगली. म्हणजे नाव नाही, 'एक पॉडकास्टवाली बाई'. मंत्र्यांचे प्रवक्ते रंगात आले होते. आतापर्यंत त्यांचं म्हणणं होतं, की एकही गाडी बंद नाही, दोष चालकांचाच आहे. यजमान, वेलांटीबाई आणि जाऊ, तिघं एका सोफ्यावर अंग चोरून बसली होती.

"बघा, बाईंनी स्वतःच कबुली दिली," प्रवक्ते टेबलावर हात आपटत म्हणाले. "साठ गाड्या म्हणे! साफ खोटं. अठ्ठावन्नच आहेत!"

निवेदिका काहीतरी विचारणार होती, ती थांबली. कागदावरून तिने मान वर केली. मग अगदी हळू तिने विचारलं, "म्हणजे अठ्ठावन्न बसगाड्या बंद आहेत?"

प्रवक्ते समोरचे कागद गोळा करायला लागले.

यजमानांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, जाऊ त्यांची पाठ चोळू लागली, आणि वेलांटीबाई मात्र पदर तोंडाला लावून रडत होत्या.

प्रवक्त्यांचं ते वाक्य रात्रीत गावभर झालं. सकाळपर्यंत शाळेच्या गच्चीवर सहा कॅमेरे होते. 'चहा' पाठवणारे आठवड्यात तीनशेचे साडेपाच हजार झाले. त्यांच्यातल्याच एका वकीलबाईंनी नोटिशीला दोन ओळींचं उत्तर लिहून दिलं: दुरुस्तीनंतर आमच्या भागातलं कुठलं विधान खोटं उरतं ते कृपया कळवावं. उत्तर आलं नाही. नोटीस देणारा वकील पुन्हा कधी दिसलाही नाही.

महिन्याभरात त्रेचाळीस चालकांचं निलंबन मागे घेतलं गेलं. टायर आले. मंत्र्यांना दुसरं खातं मिळालं, ज्यात गाड्या नव्हत्या. आणि बाईंच्या जुन्या दैनिकाने पहिल्या पानावर खुलासा छापला, की ती बातमी शहानिशा न करता दिली होती. संपादकांनी स्वतः फोन केला. परत या, म्हणाले, हवं ते पद देतो. बाईंनी आभार मानले. माझ्याबरोबरच्या त्या खोलीतल्या चौघांना बोलवा, त्यांना काम हवं आहे, मला आता वेळ नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. चौघांपैकी दोघांना खरंच बोलावणं आलं. तिसरी 'दुसरं वाचन'मध्ये पगारावर आली, श्रोत्यांच्या चहावर.

बंद मार्ग सुरू झाले त्या सकाळी चालकांनी दोघी जावांना आगाराच्या फाटकाशी बोलावलं होतं. चालकांच्या बायका, आया, पोरंसोरं सगळी गर्दी करून उभी होती. एक म्हातारी वेलांटीबाईंना कोपराने बाजूला सारत म्हणाली, जरा सरक बाई, माझ्या लेकाची गाडी पहिली निघणार आहे. बाईंनी विचारलं, कुठल्या मार्गावर जाणार तुमचा मुलगा?

म्हातारीने मान झटक्यात वळवली. "परत बोल," ती म्हणाली.

"कुठल्या मार्गावर जाणार?"

"तू ती! दर शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात बोलतेस तू!" म्हातारीने त्यांचा हात घट्ट धरला आणि गर्दीतून वाट काढत ओढतच नेलं. पहिली गाडी फाटकातून बाहेर येत होती. म्हातारी मधोमध उभी राहिली, हात आडवा केला, आणि मुलाला गाडी थांबवायला लावली.

पहिल्या बाकावर खिडकीशी वेलांटीबाई, शेजारी जाऊ. मागच्या बाकावर म्हातारी, गाव जिंकल्यासारखी. चालकाने आरशातून एकदा पाहिलं, गियर टाकला आणि भोंगा असा वाजवला की मागच्या सगळ्या गाड्यांनी त्याला साथ दिली.