एकदा नापास, दोनदा पास

ती करड्या रंगाची जुनी गाडी आणि तिच्या मागून येणारा काळा धूर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस खात्यात उभं आयुष्य काढलं. चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, पण कुणी विचारलं की बाई, तुमच्या लक्षात राहिलेली केस कोणती, तर मला आधी ती गाडी आठवते. नाव कुणाचंच सांगणार नाही. ज्यांचं त्यांना वाचून कळेल.

तेव्हा मी बिबवेवाडीच्या बाजूला एका चौकीवर उपनिरीक्षक होते. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि केबल टाकायला रस्ते खणून ठेवले होते. एक चर बुजवला की दुसरा उघडायचा. धूळ इतकी, की मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड स्कार्फने बांधायच्या आणि मग दुचाकीला किक मारायच्या. आमच्या चौकीतली महिला शिपाईही तशीच यायची. समोर येऊन स्कार्फ सोडेपर्यंत कोण आलंय ते कळायचं नाही.

सुरुवात एका फोनने झाली. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "तुमच्या हद्दीत पेट्रोल पंपाशेजारी पीयूसीची व्हॅन उभी असते. तो गाडी न तपासताच पासचा कागद देतो." आता पीयूसी म्हणजे धुराची तपासणी, हे गाडीवाल्यांना सांगायला नको. सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि धूर मर्यादेत आहे की नाही ते यंत्र सांगतं. मी फोनची नोंद करून ठेवली. निनावी फोनवर लगेच धावायचं नसतं, आणि तो विसरायचाही नसतो.

दोनच दिवसांनी आरटीओच्या निरीक्षकांबरोबर आमची सकाळची नाकाबंदी होती. त्यात ही करडी गाडी सापडली. चालवणारे काका सत्तरीच्या आसपासचे, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. शेजारी काकू, मांडीवर भाजीची पिशवी. निरीक्षकांनी यंत्र लावलं. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. काकांनी शांतपणे पीयूसीचा कागद पुढे केला. आदल्याच दिवशीचा, पास. शिक्का त्याच व्हॅनचा.

"काका, कागद खरा आहे ना?" मी विचारलं.

"खोटाच घ्यायचा असता तर मी पाऊण तास उन्हात रांगेत कशाला उभा राहिलो असतो?"

काकू मध्येच म्हणाल्या, "अहो मॅडम, वर्ष झालं हेच चाललंय. प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. मेकॅनिककडे नेली की गुणी बाळासारखी वागते. घरी आणली की पुन्हा धूर."

काकूंचं हे बोलणं मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात तो फोन होता. काकांकडून बोलावू तेव्हा गाडी हजर करण्याचं लिहून घेतलं, त्यांना जाऊ दिलं आणि व्हॅनवाल्याला चौकीत आणायला सांगितलं.

व्हॅनवाला चाळिशीचा, अमरावतीकडचा. भोसरीतल्या एका कारखान्यात होता. तो बंद पडला तेव्हा जे पैसे हातात आले त्यातून त्याने व्हॅन आणि यंत्र घेतलं. यायला सांगितलं तर यंत्राची वहीही बरोबर घेऊन आला. कुणी मागितली नव्हती.

दोन तास मी त्याला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. गाडी तपासली होती का? नळी कुणी धरली? काका ओळखीचे का? कागद आधीच छापून ठेवतोस का?

"मॅडम, यंत्र जे सांगते तेच मी लिहितो जी. पास तं पास, नापास तं नापास."

"मग एका दिवसात धूर कुठून आला?"

"ते मले नाही समजत. पण गुन्हा दाखल झाला तं लायसन जाते माझं. पोरी शाळेत हायेत दोन. गावाकडं कोन्त्या तोंडानं जाऊ?"

खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी उत्तर थोडं सुधारून देतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. हा सुधारत नव्हता. आणि त्याच्या वहीत नापास गाड्यांचे नंबर लाल शाईने लिहिलेले होते, पानापानावर. न तपासता कागद देणारा माणूस नापासांची यादी कशाला ठेवेल? दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. पण एकदा संशय पक्का धरला की डोळेसुद्धा आपल्याच बाजूने साक्ष देतात. मी आवाज चढवला. त्याने वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी काकांना निरोप दिला की गाडी घेऊन या, निरीक्षक पुन्हा तपासणार आहेत. ते वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. नळी घातली आणि गाडी पास झाली. निरीक्षकांनी पुन्हा घातली, पुन्हा पास.

आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, "सरळ आहे. दोघं मिळालेले आहेत. काल रात्रीतून गाडी दुरुस्त करून आणली. उद्या संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करा."

सरळ होतं खरं. पण मला काकूंचं ते बोलणं आठवायला लागलं. मेकॅनिककडे नेली की शहाणी, निरीक्षकांसमोर शहाणी, व्हॅनपाशी शहाणी. फक्त आम्ही अचानक अडवली तेव्हा धूर. म्हणजे कुणी दाखवायला नेतं तेव्हाच ही गाडी नीट वागते. असं का?

म्हणून सकाळी न कळवता त्या शिपाई मुलीला घेऊन काकांच्या सोसायटीत गेले. गाडी पार्किंगमध्ये उभी होती. काका जिन्यावरून उतरले.

"पुन्हा तपासणी?"

"नाही. तुम्ही पीयूसीला निघालात त्या दिवशी घरातून बाहेर पडल्यापासून काय काय केलंत, ते तसंच करून दाखवा. सांगू नका, करा."

"नाटक करायचं म्हणजे. ही मुकी भूमिका मला झेपेल," काका म्हणाले आणि किल्ली काढली. टायर पाहिले. काच पुसली. मग बॉनेट उघडलं, आत हात घातला, एका नळीच्या तोंडाला बांधलेली नाडी सोडली, चार पदरी घडी घातलेलं एक फडकं काढलं, झटकलं आणि डिकीत ठेवलं. बॉनेट लावून स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"काका, थांबा. ते काय होतं?"

"कुठलं?"

"आत्ता काढलंत ते."

"ते होय. फडकं. धूळ किती आहे बघताय ना? हवा आत जाते तिथे कायम बांधलेलं असतं, गाडी चालवतानाही. आमच्या कारखान्यात यंत्राचं तोंड उघडं राहिलं तर मेमो मिळायचा."

"मग आत्ता का काढलंत?"

पोलिसांना इतकंही कळू नये, अशा नजरेने काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तपासणीला किंवा मेकॅनिककडे जायचं तर कव्हर काढूनच नको का जायला? साहेब यायच्या आधी सगळी कव्हरं काढून घडी करून ठेवायची, ही तीस वर्षांची शिस्त आहे."

माझ्यामागे शिपाई मुलगी स्कार्फच्या आतून म्हणाली, "मॅडम, गाडीलापण स्कार्फ."

मला हसू आलं. ते फडकं हातात घेतलं. तेलाने आणि धुळीने गच्च, पापडासारखं कडक.

त्याच दुपारी निरीक्षक, दोन पंच आणि दुसऱ्या एका सेंटरचं यंत्र, असं सगळं चौकीसमोर जमवलं. फडकं बांधून तपासलं, नापास. सोडून तपासलं, पास. पुन्हा बांधलं, पुन्हा नापास. पंचनामा केला, फडकं कागदात बांधून त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. एवढ्या मानाने जप्त झालेलं फडकं माझ्या नोकरीत ते एकच. व्हॅनवाल्याला बोलावलं होतं. त्याने एका वाक्यात उलगडा केला. "हवा कमी पडली की पेट्रोल अर्धं जळते जी. मंग काळा धूर."

काका पुढे आले. जन्मभर यंत्रांत गेलेला माणूस. व्हॅनवाल्याला म्हणाले, "वर्षभर मी गाडीचा गळा दाबला आणि मेकॅनिकला शिव्या दिल्या. वर तुम्हाला चौकी दाखवली. चुकलो."

बरोबर आलेल्या काकू म्हणाल्या, "घरात टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, रिमोटला प्लास्टिक. गाडी तेवढी सुटली असं मला वाटत होतं."

तेव्हा तो व्हॅनवाला दोन दिवसांनी पहिल्यांदा हसला, आणि हसता हसताच बाहीने डोळे पुसायला लागला. मी त्याला खुर्ची दिली. पहिल्या दिवशीचे दोन तास तो बाकावर होता. चूक झाली, एवढं म्हणायला मला चहाचा कप संपेपर्यंत वेळ लागला, पण म्हटलं. साहेबांना अहवाल दिला, गुन्हा दाखल झाला नाही. फोन कुणाचा होता ते कधी कळलं नाही. त्या लाल शाईतला कुणीतरी असणार.

या केसनंतर माझी विचारपूस करायची रीत बदलली. आपण समजतो की माणूस सांगत नाही म्हणजे लपवतो. काकांनी काहीच लपवलं नव्हतं. जी गोष्ट हात रोज आपोआप करतात ती सांगण्यासारखी आहे असं माणसाला वाटतच नाही. म्हणून पुढे मी नव्या पोरापोरींना सांगायची, जबाब घ्याच, पण जमेल तिथे माणसाला करून दाखवायला सांगा. आणि बायको मध्येच काही बोलली तर तेही लिहून घ्या.

महिनाभराने व्हॅनच्या दारावर पाटी लागली. "गाडीच्या तोंडाला बांधलेले फडके घरीही सोडावे. येथे येताना तेवढे सोडून उपयोग नाही." मजकूर काकांचा, अक्षर व्हॅनवाल्याचं.

पाटी बघायला म्हणून मी माझी स्कूटर तिथे नेली. म्हटलं, तपासूनही घेऊ. त्याने नळी घातली, यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जरा घुटमळला.

"मॅडम, नापास आहे जी."

त्याने वही उघडली आणि लाल शाईने माझ्या स्कूटरचा नंबर लिहिला. नापास होऊन इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.